घर विकण्याआधी

येत्या ऑक्टोबरात आम्ही न्यू जर्सीतलं घर विकून मोटरहोममध्ये राहायला जाणार आहोत. सुट्टीपुरतं नाही, कायमचं. नवरा पुलांच्या कामातला इंजिनिअर, मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. दोघंही आता निवृत्त झालोय. अमेरिकेत असं राहणाऱ्यांना ‘फुल-टायमर’ म्हणतात. त्यांच्या संघटना आहेत, मेळावे भरतात, त्यांच्यासाठी विम्याचे वेगळे प्रकारही आहेत. आमच्या ओळखीच्या मराठी माणसांत मात्र असं कुणी केलेलं नव्हतं. निवृत्तीनंतर आपली माणसं मुलांच्या गावी लहान घर घेतात, नाहीतर पंचावन्न वर्षांपुढच्यांसाठी असलेल्या वसाहतीत जातात, किंवा थंडीचे चार-सहा महिने पुण्या-ठाण्यात काढतात. आम्ही या तिन्हींचा विचार केला. पण इतकी वर्षं या देशात राहून आम्ही पाहिलं काय? नोकरीचा रस्ता, नातेवाइकांची गावं आणि शनिवार-रविवारला जोडून उरकलेली राष्ट्रीय उद्यानं. युटामधल्या लाल डोंगरांपाशी महिनाभर मुक्काम करावा, कॅनडातून टेक्सासच्या अरान्ससला हिवाळ्यात उतरणारे हूपिंग क्रेन रोज सकाळी उठून पाहावेत, ही इच्छा दोघांच्याही मनात होती आणि ती पायांत जोर आहे तोवरच पुरी होणार होती.

सांगलीला दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “पैशाची काही अडचण आहे का गं? मोकळेपणानं सांग. इथं वरचा मजला रिकामाच आहे.” त्याचं हे बोलणं माझ्या मनात घर करून राहिलं, कारण त्याची काळजी चुकीची नव्हती. आमच्या भागात दरवर्षी बीडकडून ऊसतोड कामगार येतात. संसार बैलगाडीत घालून आणायचा, कारखाना चालू असेतोवर कोपीत राहायचं, हंगाम संपला की गाडी उलटी फिरवायची. गाडीत संसार म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर तेच आलं असणार. अमेरिकेतही घर गेलं म्हणून गाडीत राहणारी माणसं आहेत. २००८ च्या मंदीनंतर कितीतरी वयस्कर लोक व्हॅनमध्ये राहून हंगामी कामं करत फिरू लागले. जेसिका ब्रूडर यांचं ‘नोमॅडलँड’ हे २०१७ चं पुस्तक त्यांच्यावरच आहे. त्यांचा आणि आमचा रस्ता एकच असेल, मुक्कामही शेजारी पडेल. पण आम्हाला परत फिरायची सोय आहे, त्यांना नव्हती. हा फरक मी कधी विसरू नये असं मला वाटतं. दादाला मी एवढंच म्हटलं, “अडचण नाही रे, हौस आहे. आणि अडचण आली तर वरचा मजला लक्षात ठेवते.”

तयारीला सुरुवात केली ती मोटरहोम भाड्यानं घेऊन. व्हर्जिनियातल्या एका कॅम्पग्राउंडवर शेजारी एक वयस्कर जोडपं होतं. चाळीस फुटी डिझेल गाडी, मागे जोडलेली जीप, सगळं व्यवस्थित. एका रात्री आजोबांच्या छातीत दुखू लागलं, अँब्युलन्स आली, त्यांना दोन तासांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. आजींना ती गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी तिचं स्टिअरिंग कधी हातात घेतलंच नव्हतं. विजेची केबल कुठली, सांडपाण्याचा नळ कसा बंद करायचा, भिंतीतून बाहेर सरकलेली खोली आत कशी घ्यायची, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तीन दिवसांनी जागेचं बुकिंग संपत होतं आणि पुढची माणसं यायची होती. शेवटी कॅम्पग्राउंडमधल्या दोघांनी ती गाडी हलवून दिली. आजोबा वाचले. पण त्या आजींचा चेहरा मी विसरू शकत नाही. नवरा हॉस्पिटलात, घर रस्त्याकडेला, आणि त्या घराच्या त्या स्वतःच मालकीण असून त्यांना ते तसूभरही हलवता येत नव्हतं.

त्या रात्री आम्ही एक नियम केला. दोघांपैकी एक पडला तर दुसऱ्याला एकट्यानं गाडी सुरक्षित जागी नेता आली पाहिजे. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय आम्ही याच नियमावर घासून घेतला.

पहिला निर्णय गाडीचा. इथं मोटरहोमचे तीन वर्ग मानतात: बसच्या आकाराची ‘क्लास ए’, व्हॅनचीच केलेली ‘क्लास बी’ आणि ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली ‘क्लास सी’. बी वर्गात दोन माणसांचा आठवडा मजेत जातो, वर्ष नाही. नवऱ्याला मोठी डिझेल गाडी आवडली होती. ती चढावर थकत नाही आणि आत शांत असते. पण मला ती एकटीला फिरवता आली नसती. शिवाय राष्ट्रीय उद्यानांतले बरेच जुने कॅम्पग्राउंड लहान गाड्यांच्या काळात आखलेले, तिथं तीस फुटांपुढची गाडी कित्येक जागांवर मावतच नाही. आम्ही तीस फुटांच्या आतली, पेट्रोलवर चालणारी, काही वर्षं वापरलेली ए वर्गातली गाडी घेतली. नवी गाडी दारातून बाहेर पडताच तिची किंमत उतरते. त्यातून काही कंपन्यांच्या वॉरंटीत कायम राहण्यासाठी वापर केला तर वॉरंटी लागू नाही, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचल्यावर नवीचा मोह उरला नाही.

वापरलेली गाडी घेताना आम्ही स्वतंत्र तपासनीस लावला. घरासाठी लावतात तसाच. असल्या गाड्या तपासणाऱ्यांची इथं राष्ट्रीय संघटना आहे आणि ती प्रमाणपत्रं देते. या गाड्यांचा मोठा शत्रू पाणी. छपराच्या सांध्यातून एक थेंब आत शिरला की भिंतीतलं लाकूड कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. तपासनिसानं ओल मोजायचं यंत्र प्रत्येक कोपऱ्याला लावलं. टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोम वर्षातले पुष्कळ दिवस उभीच असते, त्यामुळे टायरची नक्षी नवी दिसते आणि आतलं रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. सहा-सात वर्षांचे टायर नक्षी न पाहता बदलावेत. आम्ही सहाही बदलले.

आणि मग तो पिवळा कागद. प्रत्येक मोटरहोममध्ये दारापाशी एक कागद चिकटवलेला असतो: माणसं आणि सामान मिळून या गाडीत किती वजन घालता येईल. आमच्या गाडीचं पूर्ण भरून चालेल असं वजन १८,००० पौंड आहे आणि त्या कागदावरचा आकडा २,४०० पौंडांचा. ऐकायला भरपूर वाटतो. पण पाण्याचं वजन गॅलनला ८.३४ पौंड. आमची टाकी ७२ गॅलनची, म्हणजे भरली की ६०० पौंड तिथंच गेले. आम्ही दोघं मिळून तीनशेच्या घरात. उरलेल्या दीड हजार पौंडांत कपडे, भांडी, अवजारं, खुर्च्या, औषधं, धान्य, पुस्तकं, देव. घरात एखादी वस्तू जास्त झाली तर माळ्यावर जाते. इथं ती टायर फोडते, ब्रेक लागायला वेळ लावते. ट्रकवाले जिथं थांबतात तिथं ‘कॅट’चे वजनकाटे असतात, थोडे डॉलर भरून पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. आम्ही सामान टप्प्याटप्प्यानं भरतो आणि काट्यावर नेतो. बिडाचा तवा आला, पाटा-वरवंटा अर्थातच नाही. पितळी डबे मुलीकडे गेले, स्टीलचे पातळ डबे आत आले.

मराठी पुस्तकांची गोष्ट अवघड गेली. दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे, आईनं बांधून घेतलेली पुस्तकं, प्रत्येक भारतवारीत आणलेली भर. सामान ठेवायला इथं भाड्याची कोठारं मिळतात आणि आमच्या एका स्नेह्यांनी तेच सुचवलं. मला ते पटलं नाही. दरमहा पैसे भरून अंधारात पुस्तकं ठेवायची कुणासाठी? गावच्या मराठी शाळेनं बरीचशी घेतली. तिथली मुलं ती लगेच वाचतील असा माझा भ्रम नाही, पण त्यांच्या आई-वडिलांनी पहिल्याच शनिवारी पेटीवर उड्या घातल्या आणि मला फार बरं वाटलं. दीड दिवसाचा गणपती मुलीकडे द्यायचा ठरला. तिच्या नवऱ्यानं आरती पाठ करायला घेतलीय.

स्वयंपाकघराबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण अमेरिकन फुल-टायमरांच्या सल्ल्यांत आपल्या स्वयंपाकाचा विचार नसतो. आमच्या गाडीला ३० अँपिअरची जोडणी आहे. १२० व्होल्टला म्हणजे ३,६०० वॅट, एवढीच वीज एका वेळी ओढता येते. एसी दीड हजार वॅट घेतो, मायक्रोवेव्ह तेवढेच, पाणी तापवायचं यंत्र विजेवर लावलं तर चौदाशे. तिन्ही एकदम लावली की खटका पडतो. त्यामुळे मिक्सर लावायच्या आधी एसी बंद, ही सवय हाताला लावून घेतली. प्रेशर कुकर हे या घरातलं सगळ्यात शहाणं भांडं. गॅस कमी लागतो, वाफ बाहेर कमी पडते. फोडणीला मात्र आत थारा नाही. छत डोक्यापासून हातभर अंतरावर, आणि हिंग-मोहरी तडतडली की धुराचा अलार्म किंचाळतो. अलार्म काढून ठेवणं हा उपाय मला मान्य नाही. एवढ्याशा बंद जागेत गॅस आणि धूर जिवावर बेततात. म्हणून बाहेरच्या छत्रीखाली टेबल, त्यावर एक शेगडी आणि फोडणी तिथं. चार-पाच दिवस पुरेल एवढी फोडणी एकदम करून बाटलीत भरायची. तेलकट पाणी मोरीत ओतायचं नाही, कारण ते टाकीत जाऊन थिजतं. ताटं आधी कागदानं पुसायची, मग धुवायची. नळाला जोडणी नसेल तेव्हा ७२ गॅलनमध्ये दोघांना आठवडा काढता येतो, पण त्यासाठी आंघोळ बादलीभर पाण्यात उरकता यायला हवी. ती विद्या आम्हाला सांगलीतल्या वाड्यांनी आधीच शिकवली होती.

वाड्यांवरून दुसरी गोष्ट आठवते आणि ती मला सांगायचीच आहे. मोटरहोमला तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, एक आंघोळी-भांड्यांच्या सांडपाण्याची आणि एक संडासाची. शेवटची काळी टाकी. काही दिवसांनी ती स्वतः रिकामी करावी लागते. हातमोजे घालायचे, तीन इंची जाड नळी गाडीला आणि जमिनीतल्या तोंडाला घट्ट बसवायची, आधी काळी टाकी सोडायची, ती संपल्यावर सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्यानं नळी धुऊन निघते. ओळखीच्यांपैकी ज्यांनी ज्यांनी आमची गाडी पाहिली, त्यातल्या बहुतेकांनी हे ऐकून नाक मुरडलं. “बाकी सगळं ठीक, पण हे कोण करणार?” एका मैत्रिणीनं तर नवऱ्याकडे बघून, “हे तुमच्याकडे हं,” असं ठरवूनच टाकलं.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात टोपलीचा संडास होता. मागच्या बोळातून एक बाई यायची. ती दिसू नये अशीच सगळी रचना होती. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. मैला हातानं उपसून डोक्यावरून वाहून नेण्याचं ते काम भारतात कायद्यानं बंद व्हायला १९९३ साल उजाडलं, आणि २०१३ मध्ये पुन्हा कडक कायदा करावा लागला. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, हे काम मला स्वतः करू द्या, म्हणून उपोषण केलं होतं. त्यांच्याविषयी आम्ही शाळेत ऐकलं आणि घरी येऊन त्याच संडासात गेलो. पहिल्यांदा मी ती नळी जोडली, टाकी सोडली, सगळं धुऊन हात साबणानं घासले, तेव्हा मला किळस आली नाही. स्वतःची घाण स्वतः नेऊन टाकायला एवढंच लागतं, हे कळल्याचं समाधान होतं, आणि त्या बाईबद्दल फार उशिरानं आलेली लाज. आता आम्ही आलटून-पालटून करतो. लॅबमध्ये मी सतत विष्ठेचे नमुने तपासले, पण ते काचेच्या तुकड्यावर. ही गोष्ट वेगळी आहे. निवृत्तीच्या वयात कुणी मला विचारलं, या आयुष्यात जायचं का, तर मी आधी हेच काम करून बघायला सांगेन.

गाडी चालवायला आम्ही दोघं शिकलो. मोटरहोम चालवायला शिकवणारे शिक्षक मिळतात. रविवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शंकू मांडून तासन्‌तास सराव केला. वळताना मागचा भाग विरुद्ध बाजूला बाहेर फेकला जातो, ते आरशात दिसायला लागेपर्यंत वेळ गेला. मागे आमची जुनी होंडा सीआर-व्ही जोडणार आहोत. २०१४ पर्यंतची सीआर-व्ही चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढता येते, त्यानंतर गिअरबॉक्स बदलला आणि ती सोय गेली. आमची त्याआधीची आहे, म्हणून नवी गाडी घ्यायची वेळ आली नाही. जोडलेल्या अवस्थेत मागे मात्र घेता येत नाही. चुकीच्या गल्लीत शिरलं तर उतरून जोडणी सोडवायची, दोन गाड्या वेगवेगळ्या फिरवायच्या. म्हणून पेट्रोल भरायला वळण्याआधीच बाहेर कुठून पडायचं ते पाहायला शिकलो.

उंची साडेबारा फूट. न्यूयॉर्कच्या जुन्या पार्कवेंवरचे कमानीचे पूल त्याहून ठेंगणे आहेत, तिकडे फिरकायचंच नाही. दक्षिणेला जायचं तर वाटेत बाल्टिमोर लागतं आणि तिथल्या बंदराखालच्या बोगद्यांतून गॅसच्या टाकीसह जायला बंदी आहे. असल्या गाड्या पूर्वी फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. २६ मार्च २०२४ च्या पहाटे मालवाहू जहाज खांबाला धडकलं आणि तो पूल पाण्यात कोसळला. पुलावर रस्तादुरुस्तीचं काम करणारे सहा मजूर गेले. नवऱ्यानं सगळं आयुष्य पुलांत घालवलेलं. त्या आठवड्यात तो फारसा बोलला नाही. आता गॅसवाल्या गाड्यांनी शहराला पश्चिमेकडून वळसा घालायचा. तो वळसा आम्ही आमच्या गाडीनं घालून आलो. आधी तो चालवत होता, परतताना मी.

सगळ्यात जास्त वेळ कागदांनी खाल्ला. घर विकलं की पत्ता जातो, आणि अमेरिकेत पत्त्याशिवाय माणसाला सहजासहजी ना गाडी नोंदवता येते, ना मत देता येतं, ना विमा घेता येतो. फुल-टायमर बहुतेक साउथ डाकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा यांपैकी एक राज्य निवडतात. तिन्ही राज्यांत पगार-पेन्शनवर राज्याचा प्राप्तिकर नाही आणि तिथं टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या संस्था आहेत. आम्ही टेक्सास घेतलं. तिथल्या लिव्हिंग्स्टन गावात ‘एस्केपीज’ या संघटनेचं मुख्य ठाणं आहे. जो आणि के पीटरसन या फिरत्या दांपत्यानं ती १९७८ मध्ये सुरू केली. तिच्या टपालसेवेसाठी पोस्टाचा १५८३ क्रमांकाचा फॉर्म नोटरीसमोर सही करून द्यावा लागतो. एका बँकेनं मात्र असला पत्ता चालणार नाही, प्रत्यक्ष राहण्याचा द्या, असं सांगितलं. ते खातं वेळ हाताशी असतानाच बंद केलं. भारतातल्या खात्यांचं केवायसीही याच भरात उरकलं. घर असेतोवर विजेचं बिल हातात असतं, नंतर नसतं.

क्रमही महत्त्वाचा. न्यू जर्सी सोडून गेलेल्या माणसानं तिथलं घर विकलं तर विक्रीच्या वेळी राज्य कराची आगाऊ रक्कम कापून घेतं. लोक त्याला ‘एक्झिट टॅक्स’ म्हणून घाबरतात. तो वेगळा कर नाही, पण पैसे अडकतात. इथले रहिवासी असतानाच घर विकायचं आणि मग राज्य बदलायचं, हा सोपा मार्ग. केंद्राच्या करात पती-पत्नीला राहत्या घराच्या नफ्यातले पाच लाख डॉलर माफ असतात, त्यासाठी आधीच्या पाच वर्षांतली दोन त्या घरात राहिलेलं असावं लागतं. या राज्यातला घरपट्टीचा बोजा देशात सर्वांत जड. सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास. तो सुटेल. पण हे जीवन स्वस्त पडतं म्हणून कुणी यात पडू नये. गॅलनला आठ-नऊ मैल जाणारी गाडी, कॅम्पग्राउंडची भाडी, टायर, दुरुस्त्या, विमा, आणि दरवर्षी उतरणारी किंमत. आम्ही हिशेब मांडला तेव्हा बचत थोडीच निघाली.

मी पासष्टची होईपर्यंत थांबायचं, हा माझा हट्ट होता. पासष्टाव्या वर्षी मेडिकेअर लागू होतं. त्यात दोन वाटा आहेत. खासगी कंपन्यांचं ‘अॅडव्हांटेज’ मासिक हप्त्याला स्वस्त, पण त्यांचे डॉक्टर बहुधा एका भागातले. मूळ मेडिकेअर घेतलं तर ते स्वीकारणाऱ्या देशातल्या कुठल्याही डॉक्टरकडे जाता येतं. वरच्या खर्चासाठी पूरक ‘मेडिगॅप’ घ्यावं लागतं. ते पासष्टीनंतर, मेडिकेअरचा ‘पार्ट बी’ हा भाग सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत घेतलं तर आजार न विचारता मिळतं. नंतर बऱ्याच राज्यांत कंपनी नाही म्हणू शकते. फिरत्या माणसासाठी माझ्या मते दुसरी वाट हीच वाट. मेडिकेअर भारतात चालत नाही, पण मेडिगॅपच्या ‘जी’ योजनेत परदेशातल्या तातडीच्या उपचारांचा ऐंशी टक्के खर्च मिळतो. प्रवासाचे पहिले साठ दिवस, आधी अडीचशे डॉलर आपले आणि आयुष्यभरात पन्नास हजारांपर्यंत. दादाकडे जाताना तेवढा आधार पुरेसा वाटतो.

लिव्हिंग्स्टन निवडण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते पाहायला आम्ही मुद्दाम तिथं जाऊन आलो. एस्केपीजच्या कॅम्पग्राउंडला लागून ‘केअर’ नावाची धर्मादाय सेवा आहे. ज्यांना वय किंवा आजारामुळे पुढे फिरणं शक्य नाही, त्यांनी आपली गाडी तिथं लावायची आणि आपल्याच पलंगावर झोपायचं. जेवण, साफसफाई, डॉक्टरकडे ने-आण या गोष्टी संस्था बघते. दुपारच्या जेवणाला आम्ही तिथं बसलो. वॉकर घेऊन आलेली माणसं एकमेकांना विचारत होती, त्या पावसात कोणत्या घाटात अडकला होता, अलास्काच्या रस्त्यावर टायर कोणत्या साली फुटला. एका बाईंचे पती वारले होते. त्या म्हणाल्या, “आम्ही ही जागा निघायच्या आधीच पाहून ठेवली होती.” परतताना नवरा म्हणाला, आपणही कधी थांबायचं ते आधीच लिहून ठेवू.

तसा कागद आम्ही केला. घर विकून येणाऱ्या पैशातला मोठा भाग वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. तो परत घर घ्यायला. दरवर्षी दोघांनी डोळे तपासून घ्यायचे. रात्री गाडी चालवायची नाही. दोघांपैकी कुणीही एकानं ‘आता पुरे’ म्हटलं तर दुसऱ्यानं वाद घालायचा नाही, सहा महिन्यांत मुलीच्या गावी, नॉर्थ कॅरोलायनात, जागा बघायची. त्याबरोबर मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, आजारपणात कोणते उपचार करायचे आणि कोणते नाही याचं निवेदन, गाडीची जादा किल्ली आणि टाक्यांपासून गॅसपर्यंत सगळं कसं बंद करायचं याच्या पायऱ्या. हे सगळं एका फाइलमध्ये घालून मुलीला दिलं.

तिनं ते रात्री वाचलं आणि सकाळी फोन केला. “आई, बाकी सगळं ठीक आहे. पण ‘दोघांपैकी कुणीही एक’ हे मला चालणार नाही. तुम्ही दोघंही एकमेकांसाठी खोटं बोलाल. तिसरं नाव माझं घाला.”

आम्ही कागद पुन्हा छापला. आता त्यावर तीन सह्या आहेत.